पदरमोड करणारे वाटाडे

शेगावला गेलेल्या बहुतेकांना एक प्रश्न पडतोच. चपला सांभाळणारा, रांग सरळ करणारा, महाप्रसादाचं ताट पुढे ठेवणारा माणूस ‘माऊली’ म्हणून हाक मारतो. त्याच्या हातावर काही ठेवू गेलं तर हात मागे घेतो. थोड्या दिवसांनी पुन्हा गेलं तर त्याच्या जागी दुसराच कुणीतरी उभा असतो. हे सेवेकरी येतात कुठून? यांना काम कोण शिकवतं? आणि पगाराशिवाय एवढा गाडा चालतो कसा?

हेच तीन प्रश्न अमेरिकेत इलिनॉय राज्यात, मिसिसिपीच्या काठावरच्या एका गावात पडतात. गावाचं नाव नावू, वस्ती जेमतेम हजाराच्या आसपास. नदीकडच्या सखल भागात लाल विटांची सुटी सुटी घरं आहेत. लोहाराचं दुकान, बेकरी, बंदुका बनवणाऱ्याचं दुकान, छापखाना, सगळं १८४० च्या दशकातलं किंवा त्याबरहुकूम पुन्हा बांधलेलं. दारात साठी-सत्तरीतलं एक जोडपं असतं. त्याच्या अंगात जुन्या धर्तीचं जाकीट, तिचा पायघोळ झगा, दोघांच्याही छातीवर नावाची काळी पट्टी. आत बोलावतात, घराची गोष्ट सांगतात, लहान मुलांकडून दोर वळून घेतात. तिकीट नाही, दानपेटी पुढे करणं नाही.

हा माणूस कदाचित आयडाहोमधला निवृत्त दंतवैद्य असतो, ती युटातल्या शाळेतली माजी शिक्षिका. घर बंद करून किंवा मुलाच्या स्वाधीन करून दोघं इथे वर्ष-दीड वर्षासाठी आलेली असतात. पगार शून्य, आणि घरभाडं, जेवण, पेट्रोल हे सगळं स्वतःच्या खिशातून. शेगावच्या सेवेकऱ्यापेक्षा हा मामला इथे जरा लांब पल्ल्याचा आहे.

या दोघांना मिशनरी म्हणतात. पण मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन येतं. शाळा, दवाखाना आणि उभा जन्म परमुलखात काढणारे पाद्री. हे जोडपं त्या जातकुळीचं नाही. ते ज्या पंथाचं आहे त्याला जग ‘मॉर्मन’ म्हणतं. चर्चला मात्र २०१८ पासून आपलं ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नावच वापरलं जावं असं वाटतं. जाता जाता सांगायचं तर या पंथाचा ह्यू फिंडले नावाचा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुढे पुण्यालाही गेला. तेव्हा तिथे फारसं काही रुजलं नाही.

सात वर्षांचं शहर

नावूत जपण्यासारखं काय आहे, ते आधी पाहू. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ. १८३८ च्या ऑक्टोबरात मिझुरी राज्याच्या गव्हर्नरनं हुकूम काढला की मॉर्मनांना राज्यातून हाकला, नाहीतर नामशेष करा. भर थंडीत हजारो माणसं नदी ओलांडून इलिनॉयमध्ये आली. १८३९ मध्ये त्यांनी कॉमर्स नावाची एक दलदलीची वस्ती विकत घेतली आणि तिचं नाव नावू ठेवलं. दलदल म्हणजे डास आणि डास म्हणजे हिवताप; पहिले उन्हाळे माणसं तापानं फणफणत होती. चर खणून पाणी नदीत सोडलं तेव्हा कुठे जमीन हाती आली. पाच-सहा वर्षांत इथली वस्ती अकरा-बारा हजारांवर गेली. त्या काळचं शिकागोही साधारण तेवढंच होतं.

२७ जून १८४४ ला जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावानं जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. शेजाऱ्यांशी वैर वाढत गेलं आणि फेब्रुवारी १८४६ पासून नवा नेता ब्रिगहॅम यंग याच्या मागे लोक पश्चिमेकडे, आजच्या युटाकडे निघाले. शहर ओस पडलं. १८४८ मध्ये त्यांचं टेकडीवरचं मंदिर कुणीतरी जाळलं आणि १८५० च्या वादळानं उरलेल्या भिंती पाडल्या. मधल्या काळात एतियेन काबे या फ्रेंच विचारवंताच्या मागे आलेल्या समतावाद्यांनी इथे सामुदायिक जीवनाचा प्रयोग करून पाहिला. तोही फार टिकला नाही. पुढचं गाव टेकडीवर वसलं आणि खालचा नदीकाठ मागे पडला. वर्दळ नव्हती म्हणून तर पाडापाडीही झाली नाही. जुन्या विटांच्या भिंती उभ्या राहिल्या.

१९५४ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे डॉक्टर लिरॉय किंबल यांनी इथलं आपल्या पणजोबांचं, हीबर किंबल यांचं घर विकत घेतलं. सुट्टीत येऊन राहावं एवढाच विचार होता. पण घर दुरुस्त झालं आणि बघायला माणसांची रीघ लागली. आता घर दाखवायचं म्हणजे दाखवणारा कुणीतरी हवा! १९६२ मध्ये चर्चच्या पाठबळावर नावू रेस्टोरेशन ही संस्था निघाली आणि एकामागून एक घरं उभी राहू लागली. घरं वाढली तशी दाखवणाऱ्यांची गरजही वाढली. ती पगारी माणसं नेमून भागवायची, तर दरवर्षी मोठा खर्च आला असता.

बोलावणं येतं कसं

या व्यवस्थेची किल्ली नावूत सापडत नाही. ती त्या दंतवैद्याच्या गावच्या चर्चमध्ये आहे.

मॉर्मन चर्चमध्ये गावपातळीवर पगारी धर्मगुरू नसतो. आजूबाजूच्या काही शे सभासदांचा मिळून एक वॉर्ड होतो. त्याचा प्रमुख म्हणजे बिशप. तो एरवी वकील असेल, शेतकरी असेल किंवा टायरच्या दुकानाचा मालक. साधारण पाच वर्षं तो हे काम फुकट करतो, मग दुसऱ्या कुणावर येतं. बाकीची कामंही अशीच वाटलेली असतात. कुणी हिशेब ठेवायचा, कुणी पेटी वाजवायची, कुणी तीन वर्षांच्या पोरांचा वर्ग सांभाळायचा. काम आपण निवडायचं नाही. बिशप बोलावून सांगतो आणि बहुतेक जण हो म्हणतात. येत नसलं तरी हो म्हणतात आणि मग शिकतात. काल जो बिशप होता तो आज बालवर्गात चित्रं रंगवून घेत बसलेला दिसतो, आणि त्यात कुणाला पदावनती वाटत नाही.

अशी चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला, उद्यापासून लोहाराचं दुकान दाखव म्हटलं तर फार धक्का बसत नाही. नावूच्या गाड्याचं इंधन हेच आहे, असं माझं मत. श्रद्धा आहेच, पण श्रद्धा जगात पुष्कळ ठिकाणी आहे. सांगितलेलं अनोळखी काम अंगावर घ्यायची आणि मुदत संपली की निमूट सोडायची सवय तितकी नसते.

तरुण मुलं-मुलीही मिशनवर जातात. मुलं दोन वर्षं, मुली अठरा महिने. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. ज्येष्ठांना मात्र मोकळीक जास्त. कोणत्या कामात रस आहे, किती महिने जमेल, तब्येत काय म्हणते, हे अर्जात लिहिता येतं. बिशप आणि त्याच्या वरचा पदाधिकारी मुलाखत घेतात, डॉक्टर आणि दंतवैद्याचे दाखले जोडावे लागतात. काही आठवड्यांनी चर्चच्या अध्यक्षांच्या सहीचं पत्र येतं. मग युटातल्या प्रोव्हो इथल्या प्रशिक्षण केंद्रात थोडे दिवस काढायचे आणि गाडीत सामान भरून निघायचं.

सॉल्ट लेकहून नावूला जायला आय-८० महामार्गानं गाडीत दोन दिवस पुरतात. यांतल्या कित्येकांचे पणजोबा-खापरपणजोबा साधारण याच पट्ट्यातून उलट्या दिशेनं बैलगाड्यांनी गेले होते आणि त्यांचे महिनेच्या महिने त्यात गेले.

चौकट : ज्येष्ठ मिशनरी म्हणजे कोण?

कोण : घरी सांभाळायला लहान मुलं उरलेली नाहीत असं नवरा-बायकोचं जोडपं. एकट्या ज्येष्ठ स्त्रियाही जातात.
मुदत : सहा ते तेवीस महिने, जोडपं सांगेल त्याप्रमाणे.
खर्च : स्वतःचा. निवृत्तिवेतन आणि बचत यांतून. पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा देशाबाहेर सहसा चालत नाही, म्हणून काहींना अमेरिकेतलीच जागा सोयीची वाटते.
काम : दारोदार प्रचार करण्याची सक्ती नाही. ऐतिहासिक स्थळं, कार्यालयं, मंदिरं, मदतकार्य, कागदपत्रांची जपणूक.
हाक : आडनावाआधी पुरुषाला ‘एल्डर’, स्त्रीला ‘सिस्टर’.

आठवड्याचा तक्ता

आता आपलं जोडपं नावूत पोचलं आहे असं धरू. तिथे त्यांच्या आयुष्यावर एका कागदाचं राज्य असतं. तो म्हणजे ड्युटीचा तक्ता. कोणत्या दिवशी कोणतं घर, किती वाजेपर्यंत, संध्याकाळी कुठे.

एका जोडप्याला एकच घर कायमचं देत नाहीत. आज बेकरी, उद्या छापखाना, परवा बूट शिवणाऱ्याचं दुकान. यामागे साधा हिशेब आहे. कुणी आजारी पडलं, कुणी नातीच्या लग्नाला गेलं तरी दार बंद राहू नये. शिवाय एकच गोष्ट रोज वीस वेळा सांगून माणूस पोपट होतो. जागा बदलली की जरा तरतरी राहते. पण त्याची किंमत म्हणजे पाठांतर. प्रत्येक घराची वेगळी माहिती, वेगळी माणसं, वेगळ्या तारखा. पहिले काही आठवडे रात्री जेवणं झाल्यावर दोघं एकमेकांची परीक्षा घेत बसतात. सत्तरीच्या उंबरठ्यावर हे सोपं नाही.

सोमवार ते शनिवार घरं दिवसभर उघडी, रविवारी प्रार्थनासभा आणि त्यानंतर थोडा वेळ पाहुण्यांसाठी. आठवड्यातून एक दिवस सुट्टीचा. त्यात कपडे धुणं, वाणसामान, नातवंडांशी गप्पा. उन्हाळ्यात संध्याकाळही आपली नसते. इथे बरीच वर्षं ज्येष्ठ जोडप्यांनीच गाणी आणि नकलांचे खेळ रंगवले आहेत. ज्यानं जन्मात रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही अशा माणसाला टोपी घालून ठेक्यात नाचायला लावतात. काही जण घरं दाखवत नाहीत. ते घोड्यांची निगा राखतात, कुंपणं दुरुस्त करतात, झगे आणि जाकिटं शिवतात. जुलैमध्ये दिवसभर माणसांची रांग सरत नाही. जानेवारीत दुपार सरते आणि दाराशी कुणी फिरकत नाही. पण चूल पेटवून बसायचं, कारण तक्त्यात नाव आहे.

धाव चढते कशी

एका दुकानात जरा थांबू. लोहाराच्या भट्टीपाशी एल्डर घोड्याच्या नालेचा खिळा वाकवून त्याची अंगठी करतो आणि एखाद्या मुलीच्या हातावर ठेवतो. ‘प्रेअरी डायमंड’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. मुलं खूश होतात. पण खरी गोष्ट चाकाची.

गाडीचं चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि त्यांच्या टोकांवर बसवलेले लाकडी घेराचे तुकडे. एवढं सगळं नुसतं एकमेकांत खोचलेलं असतं. रस्त्यावर चार धक्के बसले की सुटंच. त्याला आवळून धरते ती बाहेरची लोखंडी धाव. पण ती आवळणार कशी? लोहार धावेचा घेर मुद्दाम चाकापेक्षा किंचित कमी ठेवतो. थंड असताना ती चाकावर चढणारच नाही. मग ती विस्तवात लाल करतात. तापलं की लोखंड प्रसरण पावतं आणि धाव तेवढीच मोठी होते. दोघातिघांनी चिमट्यांनी धरून ती चाकावर बसवायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत वर पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसतं आणि चारी बाजूंनी लाकडाला आत दाबतं. आऱ्यांचे सांधे करकरत घट्ट बसतात.

१८४५ च्या हिवाळ्यात अर्धं नावू हेच करत होतं. गाव सोडायचं ठरलं होतं, गाड्या हजारोंनी हव्या होत्या आणि घरांच्या बैठकीतसुद्धा सुतारकाम चालू होतं. पुढचा पल्ला होता सुमारे २,१०० किलोमीटरचा, आणि पश्चिमेला जावं तशी हवा कोरडी होत जाते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि नावूत घट्ट बसलेली धाव वाटेत सैल पडते. मग चाकं रात्रभर नदीत बुडवून ठेवायची, नाहीतर धाव आणि लाकूड यांच्या फटीत पाचर ठोकायची.

निवृत्त दंतवैद्य हे सांगतो तेव्हा ऐकणारा विसरून जातो की हा मूळचा लोहार नाही. गंमत म्हणजे त्याच्या सांगण्यात तज्ज्ञाचा कंटाळा नसतो. त्यालाही हे गेल्याच वर्षी कळलेलं असतं.

पणजोबांचा प्लॉट

नावूतली मला सगळ्यात हुशारीची वाटणारी जागा म्हणजे जमिनीच्या नोंदींचं कार्यालय. तिथे ना भट्टी आहे ना पाव. पाहुणा येतो आणि आपल्या पूर्वजाचं नाव सांगतो. टेबलामागची सिस्टर जुन्या नोंदी धुंडाळते. सापडलं तर नकाशावर बोट ठेवून दाखवते, की हा तुमच्या खापरपणजोबांचा प्लॉट, या रस्त्यावर, या कोपऱ्यावर. आज तिथे बहुधा नुसतं गवत असतं. तरी माणसं गाडी काढून तिथे जातात आणि गवतात उभं राहून फोटो काढतात.

हे साधतं ते वंशावळीच्या वेडामुळे. मॉर्मन श्रद्धेनुसार मेलेल्या पूर्वजांसाठीही मंदिरात विधी करता येतात. म्हणून नावं, जन्म, लग्नं शोधून ठेवणं हे तिथे धर्मकार्यच. त्यामुळे युटाहून आलेल्या कुटुंबाला नावू हे संग्रहालय वाटतच नाही, सोडून आलेलं मूळ गाव वाटतं. ते सांगणारं जोडपंही त्यातलंच. सांगणारा आणि ऐकणारा दोघांचे पूर्वज कधी कधी एकाच गल्लीतले निघतात, मग तक्ता राहतो बाजूला आणि गप्पा रंगतात.

पण इथली प्रत्येक फेरी म्हणजे प्रचारही आहे, हे विसरायला नको. घर दाखवून झालं की एल्डर किंवा सिस्टर दोन वाक्यांत आपली साक्ष देतात, म्हणजे आपला विश्वास कशावर आहे ते सांगतात. पाहुण्याची इच्छा असली तर त्याचा पत्ता घेतात. कुणी गळ्यात पडत नाही, पण दोर आणि पाव हे त्या साक्षीपर्यंत पोचण्याच्या पायऱ्या आहेत.

एकाच रस्त्यावर दोन इतिहास

इथे ही व्यवस्था लंगडी पडते. भाविक माणूस प्रेमानं सांगतो, पण गैरसोयीचं तेवढ्याच उत्साहानं सांगत नाही. नावूतच स्मिथनं बहुपत्नीत्वाची शिकवण गुपचूप सुरू केली. ती आज्ञा जुलै १८४३ मध्ये लिहून घेतली गेली. त्यावर फुटून निघालेल्या मंडळींनी जून १८४४ मध्ये ‘नावू एक्स्पोझिटर’ हे पत्र काढलं. त्याचा एकच अंक निघाला. तीन दिवसांत नगरपरिषदेच्या ठरावानं छापखाना मोडून टाकण्यात आला. ठराव करवणारा नगराध्यक्ष खुद्द स्मिथ. याच प्रकरणी तो कार्थेजच्या तुरुंगात गेला होता. छळ झाला हे खरं, आणि विरोधकांचा छापखाना यांनी फोडला हेही खरं. बेकरीतला गरम पाव खाताना यांतलं पहिलंच ऐकू येण्याची शक्यता जास्त. २०१४ पासून चर्चनं स्मिथच्या अनेक बायकांबद्दल स्वतःच लेख प्रसिद्ध केले आहेत. त्यामुळे विचारलं तर उत्तर मिळतं. पण विचारावं लागतं.

एक काळ असा होता की नावूत हा प्रश्न आपोआप पडायचा. स्मिथची पत्नी एमा पश्चिमेला गेलीच नाही. तिच्या मुलाच्या, तिसऱ्या जोसेफच्या नेतृत्वाखाली १८६० मध्ये वेगळं चर्च उभं राहिलं. त्याचं आजचं नाव कम्युनिटी ऑफ क्राइस्ट. स्मिथचं राहतं घर, त्याचं विटांचं दुकान आणि कुटुंबाच्या कबरी या चर्चच्या ताब्यात होत्या, तर ब्रिगहॅम यंगच्या अनुयायांची घरं युटाच्या चर्चकडे. चालत दहा मिनिटांच्या अंतरावर दोन प्रकारचे वाटाडे, आणि दोघांच्या गोष्टी जुळत नसत. स्मिथला एकाहून जास्त बायका होत्या हे त्या दुसऱ्या चर्चनं कित्येक पिढ्या साफ नाकारलं होतं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी या इमारती, ओहायोतलं कर्टलंड मंदिर आणि इतर काही वस्तू मिळून १९ कोटी २५ लाख डॉलरला युटाच्या चर्चला विकल्या. आता सगळी घरं एकाच तक्त्यात आली. कारभार सुटसुटीत झाला असेल. पण पाहुण्याच्या दृष्टीनं काहीतरी हुकलं असं मला वाटतं, कारण दुसऱ्या दारी वेगळी गोष्ट ऐकल्यावरच पहिल्या दारच्या गोष्टीबद्दल शंका विचारायला सुचतं.

चार्ज देणं

दर काही महिन्यांनी एका जोडप्याची मुदत संपते आणि दुसरं येतं. जाणारी सिस्टर येणारीला शेजारी उभी करते. भट्टीचं दार किती वेळ उघडं ठेवायचं, दोर वळताना पोराच्या हातातून हँडल कधी सुटतं, कोणत्या पायरीला म्हातारी माणसं हमखास अडखळतात. छापील पुस्तिकेत तारखा असतात; हे नसतं. ते माणसाकडून माणसाकडे जातं, आणि त्याबरोबर पदरच्या दोन-चार रंगतदार कथाही जातात, ज्यांना कागदोपत्री आधार असतोच असं नाही. चर्चच्या इतिहास विभागाला मधूनमधून अशा कथा वेचून काढाव्या लागतात. लोहाराच्या दुकानातली कथा जितकी चटकदार, तितकी ती निघायला वेळ घेते.

मुदत संपलेलं जोडपं आय-८० नं परत निघतं. गावी पोचल्यावर पदाधिकाऱ्याला भेटायचं, तो रीतसर मोकळं करतो आणि नावाची काळी पट्टी त्याच दिवशी उतरते. रविवारी वॉर्डात उभं राहून दहा-पंधरा मिनिटं अनुभव सांगायचे. फार दिवस जात नाहीत तोच बिशप दोघांना ऑफिसात बोलावतो, कारण बालवर्गाला माणूस हवा असतो.